हळद-कुंकू पुरे, आता चिंधी आणि तेल द्या

मंडळी, या वीकांताला कोड नाही, करिअर नाही, हिंजवडीचं ट्रॅफिकही नाही. विषय आहे बंदूक. दचकू नका, चालवायची नाहीये. पुसायची आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे भांडायला सोपं जाईल. ज्या माणसाच्या खांद्यावर आपण बंदूक बघू इच्छितो, त्याच्याकडे ती साफ करायची चिंधी, गज आणि तेलाची बाटली असेल याची काळजी त्याला कामावर ठेवणाऱ्याने घ्यायला हवी. ती न घेता वर्षातून एकदा त्या बंदुकीला झेंडूचा हार घालणं म्हणजे शुद्ध ढोंग आहे. बास. आता सविस्तर.

"पुण्यात एसीत बसून कीबोर्ड बडवणाऱ्याला बंदुकीचं काय पडलंय?" असं कोणी विचारण्याआधीच सांगतो. मी गोंदिया जिल्ह्यातला. गोंदिया म्हणजे विदर्भ एक्सप्रेस जिथे संपते ते गाव, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश. तळी, धानाच्या बांध्या, राईस मिल आणि जंगल. नवेगाव आणि नागझिरा ही आमच्याकडची जंगलं, 2013 पासून व्याघ्र प्रकल्प. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव ही नावं तुम्ही पेपरात वाचली असतील तर बहुधा नक्षलवादाच्या बातमीत. थोडक्यात, आमच्याकडे बंदूक ही सिनेमात बघायची वस्तू नाही. ती रस्त्यात दिसते.

आणि ती तीन प्रकारच्या लोकांकडे दिसते. एक, पोलीस. दोन, बँकेच्या दारात आणि कॅश व्हॅनमागे उभा असलेला गार्ड. तीन, पीक राखायला लायसन्स घेतलेला शेतकरी.

पोलिसांचं आधी बोलून बाजूला ठेवतो, कारण माझं भांडण त्यांच्याशी नाही. पोलिसाला भरतीनंतरच्या प्रशिक्षणात हत्यार खोलणं, साफ करणं, जोडणं शिकवतात. मुख्यालयात शस्त्रागार असतं, तिथे आर्मरर असतो, हत्यार कोणी नेलं आणि कधी परत आणलं त्याची नोंद असते. कमी-जास्त होत असेल, पण निदान व्यवस्था आहे. तुमच्यापैकी जे एनसीसीत होते त्यांना आठवत असेल. फायरिंग पाच मिनिटं आणि नंतर तासभर नळीत चिंधी ओढत बसायचं. ती दोरी, जिला बराकीत 'फुलथ्रू' म्हणतात, तिचा कंटाळा आला नाही असा कॅडेट मी बघितलेला नाही. पण तो कंटाळाच खरं शिक्षण असतं. गोळी कोणीही झाडेल, नंतर चिंधी ओढेल तो शिपाई.

गडबड आहे दोन आणि तीन नंबरवाल्यांची.

गेल्या दिवाळीला घरी गेलो असताना एका बँकेच्या दारात उभ्या असलेल्या गार्डकाकांशी गप्पा झाल्या. वय साठीच्या आसपास, खांद्यावर दुनळी बारा बोर. नळीवर बोटाच्या पेराएवढे तांबूस डाग. मी विचारलं, "काका, ही साफ कधी करता?"

"कायले साफ कराची भाऊ? चालवाले थोडीच भेटते!"

मी म्हटलं, "पण गंज चढलाय ना."

"चढन नाई तं काय. पावसात उभं रावा लागते. तेल मांगतलं तं म्हनते, बंदूक तुयी आहे, तेल बी तूच आन."

हे शेवटचं वाक्य नीट वाचा, कारण सगळी मेख तिथेच आहे. अनेक ठिकाणी गार्डच्या खांद्यावरची बंदूक बँकेची नसते, एजन्सीचीही नसते. ती त्याची स्वतःची असते, लायसन्स त्याच्याच नावाचं. बंदूक आहे म्हणून तर त्याला नोकरी मिळते! म्हणजे माणूस भाड्याने, बंदूकही भाड्याने, आणि देखभाल मालकाची. टॅक्सीवाल्याने स्वतःची गाडी लावावी आणि डिझेलही स्वतःच भरावं, तसलाच प्रकार. फरक एवढाच की टॅक्सी बंद पडली तर तुम्ही दुसरी बोलावता.

शेतकऱ्याची गोष्ट वेगळी पण तितकीच वाईट. आमच्याकडे धान निसवला की रानडुकरं येतात. रात्रभर माचीवर बसून राखण करावी लागते. काहींच्या घरी आजोबांच्या वेळची एकनळी असते, काहींकडे तोंडाकडून बार भरायची, जिला आमच्याकडे भरमार म्हणतात. (लायसन्स असलं तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. बहुतेकदा काम हवेतल्या बारावरच भागतं.) ही बंदूक वर्षातले दहा महिने भिंतीवर खुंटीला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे पाऊस कसा कोसळतो ते सांगायला नको, वर्षाची सरासरी 1,200 मिलिमीटरच्या वर जाते. कौलातून गळणारं घर, ओल धरलेली भिंत, आणि त्या भिंतीला टांगलेलं लोखंड. पुढचं केमिस्ट्रीचं पुस्तक न उघडताही कळतं.

आता "गंजली तर गंजली, काय बिघडलं?" याचं उत्तर. तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, नळी. आतून गंज खाल्ला की खड्डे पडतात, आणि खड्ड्यांत पुन्हा ओल साचते. काळ्या दारूची गोष्ट तर विचारूच नका. तिची राख हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे भरमार वाजवली आणि तशीच टांगली तर दुसऱ्या दिवशीपासून गंज सुरू. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनातूनही मीठ मागे राहतं. गंमत म्हणजे हे मीठ तेलात विरघळत नाही. तेल कितीही चोपडा, त्याच्या खाली मीठ आपलं काम करत राहतं. त्याला लागतं गरम पाणी. पहिल्या महायुद्धातले शिपाई नळीत उकळतं पाणी ओतायचे ते उगाच नव्हे. आधी पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल. हा क्रम ज्याला माहीत नाही तो रोज तेल लावूनही बंदूक घालवतो.

दुसरी, अडथळा. ही गोष्ट शहरातल्या माणसाला सुचणारसुद्धा नाही. कुंभारीण माहीत आहे? ती मातीचं घर करणारी गांधीलमाशी? तिला भोकं आवडतात. कुलपाचं, नळाचं, प्लगचं आणि भिंतीवर टांगलेल्या बंदुकीचंही. नळीत सुकलेल्या मातीचा गोळा बसलेला असताना बार काढला, तर पुढे जायला वाट न मिळालेला दाब नळी फाडून बाहेर येतो. आणि नळी धरलेला डावा हात कुठे असतो ते तुम्हाला माहीत आहे. बंदूक उघडून नळीतून उजेडाकडे बघायचं काम दहा सेकंदांचं आहे. पण ते करायची सवय लागते, आणि सवय लागते ती साफसफाईतूनच.

तिसरी, कळ. सेफ्टी कॅच अडकलेला, घोड्याखाली चिकट मळ साचलेला, स्प्रिंग गंजलेली. अशी बंदूक हवी तेव्हा वाजत नाही. हे एक वेळ परवडलं. पण नको तेव्हा वाजते, ते कोणाला परवडणार? ती बँकेच्या दारात असते, आणि त्या दारातून तुमची आई पेन्शन काढायला आत जात असते.

म्हणून म्हणतो, हा 'गनप्रेमीं'चा विषय नाहीये. हा तुमचा-माझा विषय आहे.

आता यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर काय? नवीन घ्या! 26/11 नंतर आपण सगळ्यांनी हेच म्हटलं होतं. 2008 च्या त्या रात्री पोलिसांच्या हातात .303 रायफली आणि लाठ्या होत्या हे बघून संताप आला होता, आणि तो योग्यच होता. .303 म्हातारी झाली होती, ती जायलाच हवी होती. पण जाता जाता त्या म्हातारीकडून एक गोष्ट शिकायची राहिली.

.303 चं जे रूप आपल्याकडे सगळ्यांत ओळखीचं आहे, ते 1907 चं. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही ते बनायचं. त्या रायफलीच्या लाकडी दस्त्याला मागे पितळी पट्टी असते आणि त्या पट्टीत एक छोटं झाकण. झाकण उघडलं की आत पोकळी. पोकळीत काय? पितळी तेलाची बाटली, बोटाएवढी. आणि गुंडाळलेली दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवायला फास. वजन नळीत मागून सोडायचं, पुढून बाहेर आलं की ओढायचं. झालं. ज्याने रायफल बनवली त्याने साफसफाईचं सामान रायफलीच्या पोटातच घातलं होतं! पिशवी नको, डबा नको, 'घरी विसरलो' नको. कलाश्निकोव्हच्या एके-47 चीही तीच कथा. सामानाची डबी दस्त्यात, गज नळीखाली. ब्रिटिश साम्राज्य आणि सोव्हिएत युनियन यांचं कशावरही एकमत नव्हतं, पण यावर होतं :)

आणि जिथे हे विसरलं गेलं तिथे काय झालं? त्यासाठी व्हिएतनामला जावं लागेल. तेही आपल्यासारखंच भातशेतीचं, चिखलाचं, दमट देश. अमेरिकेने 1960 च्या दशकात तिथे एम-16 नावाची नवीकोरी रायफल पाठवली. हलकी, आधुनिक, जेट युगाची वगैरे. हिला फारशी साफसफाई लागत नाही असा समज पसरला. कितीतरी सैनिकांना रायफल मिळाली पण साफसफाईचं किट मिळालंच नाही. त्यात काडतुसातली दारू बदलली होती, तिची काजळी जास्त. नळीच्या मागच्या खोबणीला क्रोमचा मुलामा नव्हता, ती गंजायची. परिणाम? ऐन लढाईत काडतुसाची रिकामी टरफलं आत अडकून बसू लागली. अडकलेल्या रायफली हातात घेऊन पोरं मेली. 1967 मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी करून लष्कराचे वाभाडे काढले. मग क्रोम आलं, किट आले, प्रशिक्षण आलं. आणि देखभाल शिकवायला चक्क कॉमिकच्या स्वरूपातली पुस्तिका निघाली, चित्रं काढली विल आयझनर या नावाजलेल्या चित्रकाराने.

जगातल्या सगळ्यात श्रीमंत सैन्याला हा धडा शिकायला जीव मोजावे लागले: नवी वस्तू घेणं हे देखभालीला उत्तर नसतं. नवी वस्तू घेतली की देखभाल नव्याने सुरू होते, एवढंच. आपण सॉफ्टवेअरवाले हे दर सोमवारी अनुभवतो. नवीन सिस्टिमच्या उद्घाटनाला केक कापायला डायरेक्टर येतो, पॅच टाकायला रात्री दोन वाजता कोण असतं ते मला सांगू नका.

असो. तर किटकडे येऊ. मी म्हणतोय ते किट म्हणजे नक्की काय? गूगलवर शोधलंत तर परदेशी, चकचकीत, फोममध्ये कापून बसवलेल्या चाळीस-पन्नास नगांच्या पेट्या दिसतील. त्या छंदवाल्यांसाठी ठीक आहेत. गार्डकाकांना त्यातलं निम्मं लागत नाही, आणि लागतं ते जेवणाच्या डब्याएवढ्या पिशवीत मावतं. बारा बोरसाठी माझी यादी अशी:

1. तीन तुकड्यांचा, पेचाने जोडायचा गज. लाकडी, पितळी किंवा ॲल्युमिनियमचा. पोलादी नको, नळीला ओरखडे पडतात.

2. गजाच्या टोकाला लावायचा ब्राँझचा ब्रश. नळीच्या मापाचाच हवा. याला पर्याय नाही, हा विकतच घ्यावा लागतो.

3. चिंध्या. जुना सुती बनियन उत्तम. धुऊन, वाळवून, चौकोनी कापून प्लॅस्टिकच्या पिशवीत. मापात कापा, जाड झाल्या तर गज अडकतो.

4. तेल. छोटी, गळणार नाही अशी बाटली. बंदुकीचं तेल मिळालं तर तेच. नाही मिळालं तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. खोबरेल चालत नाही! गावाकडे सर्रास लावतात म्हणून मुद्दाम सांगतोय. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत खोबरेल बाटलीत गोठतं, ते कळेतही गोठतं. जवसाचं तर आणखी वाईट, ते सुकून राळेसारखं चिकटतं.

5. जुना टूथब्रश आणि दोन-चार बांबूच्या काड्या. कोपऱ्यातला मळ काढायला. लोखंडी सुई-टाचणी नको.

6. छोटा टॉर्च. नळीत बघायला. कुंभारीण आठवा.

7. एक मोठं कोरडं फडकं. खाली अंथरायला, आणि शेवटी हाताचे ठसे पुसायला. घामातलं मीठसुद्धा गंज आणतं.

संपलं. सात नग. ब्रश आणि गज सोडला तर बाकीचं घरात पडलेलंच असतं. सगळं मिळून दोन जणांच्या मॉलमधल्या एका जेवणाइतका खर्च, आणि तो वर्षानुवर्षं पुरतो.

यात काय नाही तेही महत्त्वाचं. कानस नाही, पक्कड नाही, ड्रिल नाही. कारण साफ करणं वेगळं आणि दुरुस्ती वेगळी. शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्यालासुद्धा लायसन्स लागतं. तेव्हा स्प्रिंग तुटली, घोडा सैल झाला, नळीत खड्डे दिसले, की किट बंद करायचं आणि परवानाधारक कारागिराकडे जायचं. किटचं निम्मं काम हेच आहे, 'आता हे माझ्या हातचं नाही' हे वेळेत कळणं. ज्याने बंदूक कधी उघडूनच बघितली नाही त्याला ते कळणार कसं?

आणि यादीत शून्य क्रमांकाची एक गोष्ट आहे, जी पिशवीत मावत नाही. बंदूक आधी रिकामी करायची. उघडायची, काडतूस काढायचं, डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं. काडतुसं उचलून दुसऱ्या खोलीत ठेवायची. मग फडकं अंथरायचं. पेपरात अधूनमधून वाक्य येतं, 'बंदूक साफ करताना गोळी सुटली'. हे वाक्य मला पटत नाही. रिकाम्या बंदुकीतून गोळी सुटत नाही, आणि रिकामी न करता जे चाललं होतं त्याला साफसफाई म्हणत नाहीत. 1 ऑक्टोबर 2024 ला अभिनेता गोविंदा यांच्या लायसन्सच्या रिव्हॉल्व्हरमधून घरातच गोळी सुटून त्यांच्या पायाला लागली, तेव्हा दोन दिवस चर्चा झाली आणि विरली. भरलेलं हत्यार हाताळताना नामवंत आणि सामान्य यांत फरक नसतो, हा मुद्दा मात्र कोणी घेतला नाही.

नळी साफ करायची ती मागून पुढे, म्हणजे मळ कळेत जात नाही. तेल लावायचं ते पुसट. नळीत तेल साचवून बार काढायचा नाही, आधी कोरडी चिंधी फिरवायची. बंदूक कापडी किंवा चामडी म्यानात महिनोन्महिने ठेवायची नाही, म्यान ओल धरतं. शेवटी साबणाने हात धुवायचे, कारण त्या मळात शिसं असतं. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. आपला स्टँड-अप कॉल याच्यापेक्षा जास्त लांबतो.

आता आक्षेप. मित्रमंडळींत हा विषय काढला तेव्हा जे ऐकायला मिळालं तेच लिहितो.

"अरे, बंदुकाच नकोत. तू साफ काय करायला सांगतोस?" मलाही कमी बंदुका हव्यात. ज्याला गरज नाही त्याचं लायसन्स रद्द करा, मी टाळ्या वाजवीन. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, छानच झालं. पण गंजलेली बंदूक म्हणजे कमी झालेली बंदूक नव्हे. ती तितकीच बंदूक असते, फक्त तिचा भरवसा नसतो. गंज हा काही अहिंसेचा मार्ग नाही.

"कायदा आहे की! लायसन्स देताना प्रशिक्षण असतं." आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनी लायसन्स मागणाऱ्याला सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र सांगितलंय. पण गार्डकाकांचं लायसन्स त्याच्या किती आधीचं आहे! आणि 2019 पासून लायसन्सची मुदतही तीनवरून पाच वर्षं झाली. पाच वर्षांतून एकदा कागद तपासले जातात. कागदाला गंज चढत नाही, हीच तर अडचण आहे. त्याच खेपेला कोणीतरी नळीत टॉर्च मारून बघितलं तर कुठे बिघडेल?

"एवढं असेल तर तो स्वतः का नाही घेत?" हा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो आपल्यासारख्या, ऑफिसने खुर्चीपासून हेडफोनपर्यंत सगळं दिलेल्या माणसांच्या तोंडून येतो. आपला लॅपटॉप बिघडला तर आपण तिकीट टाकतो आणि चहा प्यायला जातो. बारा तास उभं राहणाऱ्या माणसाने मात्र आपल्या तुटपुंज्या पगारातून कामाच्या हत्याराचं तेल आणावं. का? कारण त्याच्याकडे तिकीट टाकायची सोय नाही म्हणून?

"निवडणुकीत तर बंदुका जमाच होतात." होतात, आणि तिथे नवा घोळ. 2024 मध्ये आमच्याकडे 19 एप्रिलला लोकसभेचं मतदान झालं आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेचं. ज्यांना आदेश येतो त्यांना आचारसंहितेच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात ठेवावी लागते. कायदा-सुव्यवस्थेसाठी ते ठीकच आहे. पण जमा करताना नळीत तेलाचा हात फिरवून दिली आणि परत आणल्यावर उघडून बघितली, असे किती? ज्याच्याकडे किट आहे तोच हे करणार. पावसाळ्याच्या तोंडावर परत आलेली कोरडी बंदूक पुन्हा थेट खुंटीवर गेली, तर दिवाळीपर्यंत तिचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा. खंडेनवमी.

दरवर्षी नवमी-दसऱ्याला आपण शस्त्रपूजन करतो. शस्त्रागारांत करतात, सिक्युरिटी एजन्सीच्या ऑफिसात करतात, घरोघरी करतात. आमच्या कंपनीत तर सर्व्हर रॅकला झेंडू बांधतात आणि कीबोर्डवर कुंकू सांडतात (नंतर 'एस' अडकतो). बंदुकीला हळद-कुंकू, फूल, अक्षता, वर पाण्याचे थेंब. फोटो. व्हॉट्सॲप. मग पुन्हा खुंटीवर, ती ओली हळद-कुंकवाची बोटं तशीच ठेवून!

मला पूजेची चेष्टा करायची नाहीये. उलट मी म्हणतो, पूजा नीट करा. हा सण पावसाळा संपताना का येतो याचा विचार करा. चार महिने पावसात हत्यारं पडून असायची. मोहिमा बंद असायच्या. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा सुरू व्हायच्या. बाहेर पडण्याआधी हत्यार बाहेर काढायचं, त्याचा गंज घासायचा, तेल-पाणी करायचं, आणि मग पाटावर मांडून नमस्कार करायचा. शेतकरी पोळ्याला बैल आधी धुतो, शिंगांना तेल लावतो, खांदे शेकतो आणि मग ओवाळतो. न धुतलेल्या बैलाला कोणी ओवाळत नाही. हत्याराच्या बाबतीत मात्र आपण घासणं टाकून दिलं आणि ओवाळणं ठेवलं. देखभालीचा दिवस होता, त्याचा फोटोचा दिवस केला.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. ज्या बँकेला, ज्या एजन्सीला दारात बंदूक हवी, तिने गार्डला बंदूक कोणाचीही असो, किट द्यावं, आणि आठवड्याला अर्धा तास द्यावा, पगारी. लायसन्सच्या नूतनीकरणाच्या वेळी कागदाबरोबर नळीही बघितली जावी. गावात दसऱ्याच्या आदल्या दिवशी एखाद्या निवृत्त जवानाने चावडीवर बसून लायसन्सवाल्यांना रिकामी बंदूक कशी पुसायची ते दाखवावं; आमच्याकडे सैन्यातून आणि पोलिसातून निवृत्त झालेली माणसं गावागावात आहेत, त्यांना विचारलं तर ते आनंदाने येतील.

आणि तुम्ही? तुम्ही ज्या बँकेत जाता, ज्या सोसायटीत राहता, ज्या ऑफिसच्या गेटवर बंदूकवाला सलाम ठोकतो, तिथल्या मॅनेजरला एकदा विचारा: "याला तेल आणि चिंधी कोण देतं?" तो हसेल. हसू द्या. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. आपल्याला रिव्ह्यूमध्ये तोच प्रश्न तीनदा विचारायची सवय आहेच, ती एकदा चांगल्या कामाला लावू.